एक्लॅम्प्सियावरील उपचार : अंधाऱ्या खोलीपासून मॅग्नेशियम सल्फेटपर्यंत

प्रसूतिशास्त्राच्या परीक्षेत एक्लॅम्प्सियावरील प्रश्न सहसा चुकत नाही आणि विद्यार्थ्याचे उत्तरही ठरलेले असते : मॅग्नेशियम सल्फेट. हे उत्तर निर्विवाद ठरण्यास सुमारे सत्तर वर्षे लागली, याचा उल्लेख मात्र क्रमिक पुस्तकांत क्वचितच आढळतो.

१८४३ मध्ये लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील जॉन लिव्हर यांना झटके येणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या लघवीत अल्ब्युमिन आढळले आणि हा विकार अपस्मारापासून वेगळा ओळखणे शक्य झाले. तथापि उपचारात रक्तमोक्षणच प्रचलित राहिले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी रशियात स्ट्रोगानोव्ह यांनी अंधारी, शांत खोली आणि मॉर्फिन व क्लोरल हायड्रेट यांवर आधारलेली पद्धत रूढ केली. रुग्णेस गुंगीत ठेवण्याचा हाच विचार भारतात १९६१ मध्ये मद्रासच्या मेनन यांच्या ‘लायटिक कॉकटेल’मध्ये दिसतो. क्लोरप्रोमाझिन, प्रोमेथाझिन व पेथिडीन यांचे ते मिश्रण भारतीय विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी पाठ केले.

मॅग्नेशियम मात्र १९२५ पासूनच उपलब्ध होते. त्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये लझार्ड यांनी ते शिरेतून दिल्याचे प्रसिद्ध केले. १९५५ मध्ये डॅलसच्या प्रिचर्ड यांनी त्याची मात्रा बांधून दिली. पुढे रूढ झालेल्या त्यांच्या पद्धतीत शिरेतून ४ ग्रॅम, दोन्ही नितंबांत मिळून १० ग्रॅम आणि नंतर दर चार तासांनी ५ ग्रॅम औषध दिले जाते. मात्र प्रत्येक मात्रेपूर्वी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वसन व लघवीचे प्रमाण तपासावे लागते. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवावे लागते. युरोपात डायझेपाम, अमेरिकेत मॅग्नेशियम, असा व्यवहार दीर्घकाळ चालला. मॅग्नेशियम हे झटक्यांवरील औषधच नव्हे, असे काही चेतातज्ज्ञांचे म्हणणे होते. प्रत्येक पक्षाकडे अनुभव होता. तुलना कोणाकडेच पुरेशी नव्हती. वादाची किंमत अर्थातच वाद घालणाऱ्यांनी मोजली नाही.

ती तुलना १९९५ मध्ये झाली. भारतासह अनेक विकसनशील देशांतील १६८७ स्त्रिया या चाचणीत सहभागी होत्या. पुन्हा झटका येण्याचे प्रमाण मॅग्नेशियममुळे डायझेपामच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी, तर फेनिटॉइनच्या तुलनेत ६७ टक्क्यांनी कमी आढळले. निर्णायक पुरावा श्रीमंत देशांतील रुग्णालयांतून आला नाही, ही बाब लक्षणीय आहे.

मात्रेचा प्रश्न तरीही उरलाच, कारण प्रिचर्ड यांची मात्रा अमेरिकन स्त्रियांवरील अनुभवातून ठरली होती. भारतीय स्त्रियांचे कमी वजन लक्षात घेऊन धुळ्यात कमी मात्रेची पद्धत वापरण्यात आली. ती ‘धुळे पद्धत’ या नावाने ओळखली जाते.