हे लुगडं कुणाचं?

पाडवा जवळ आला की आमच्या केंद्राकडे एक प्रश्न हमखास येतो. मुलुंड-घाटकोपरच्या गुजराती, तमिळ, मल्याळी घरांतल्या बायका विचारतात, "आम्ही मराठी नाही, शोभायात्रेत नऊवारी नेसलो तर कुणाला खटकणार नाही ना?" अंधेरी-बोरिवलीच्या कॉलेजातल्या मुलींचं थोडं वेगळं असतं. त्यांना ईस्ट इंडियन बायकांचं चौकड्यांचं लाल लुगडं नेसायचं असतं, पण आपण त्या समाजातल्या नाही म्हणून मन कचरतं. "नेसा की, त्यात काय!" असं म्हणून आम्ही मोकळ्या होऊ शकलो असतो. पण कापडाची आणि कुळाची गाठ नेमकी कुणी आणि कधी मारली, हे बघायला गेलो तर गोष्ट बरीच लांब गेली. अगदी स्कॉटलंडपर्यंत.

स्कॉटलंडचे पुरुष घालतात तो किल्ट तुम्ही सिनेमात पाहिला असेल. गुडघ्यापर्यंतचा, मागे भरपूर चुण्या घातलेला, चौकड्यांचा लोकरी घेर. त्या चौकड्यांच्या नक्षीला टार्टन म्हणतात आणि प्रत्येक कुळाचं टार्टन वेगळं, असं मानतात. मग ज्याचं कूळ तिथलं नाही त्याने किल्ट घालावा का, आणि घातला तर कुणाचं टार्टन निवडावं, हा प्रश्न जगभर विचारला जातो. आमची गंमत वेगळीच झाली. पूर्ण किल्टला साधारण आठ वार कापड लागतं. म्हणजे आपल्यापेक्षा एकच वार कमी! आणि पूर्वीचा किल्ट शिवलेला नसायचाच. लांबच लांब कापड चुण्या घालून कमरेला पट्ट्याने आवळायचं आणि उरलेलं खांद्यावर टाकायचं. पदरच तो. पुढे चुण्या शिवून टाकलेला सुटसुटीत किल्ट आला. आपल्याकडे शिवलेली नऊवारी आली, तसंच हे.

हा पोशाख मुळात डोंगराळ भागातल्या गरीब लोकांचा. सखल भागातले शहरी स्कॉटिश लोक त्याला नाकं मुरडायचे. १७४६ साली कलोडनच्या लढाईत डोंगरी लोकांचं बंड मोडलं आणि लगोलग ब्रिटिश सरकारने कायदा करून त्यांच्या पोशाखावर बंदी घातली. सैन्यातल्या पलटणींना तेवढी सूट होती. बंदी उठली १७८२ मध्ये. पुढे १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला. त्या सोहळ्याची आखणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने केली होती. राजाने स्वतः किल्ट घातला आणि सगळ्या सरदार-जमीनदारांची टार्टनसाठी धांदल उडाली. बॅनकबर्न गावात विल्सन नावाच्या विणकरांचा मोठा कारखाना होता. त्यांच्या पुष्कळ नक्ष्यांना आधी नुसते आकडे होते, नंतर त्यांनाच कुळांची नावं चिकटली. १८४२ मध्ये दोन भावांनी जुन्या हस्तलिखिताच्या आधारे काढलं म्हणून कुळांच्या टार्टनांचं एक देखणं पुस्तक छापलं. ते हस्तलिखित कुणालाच धड पाहायला मिळालं नाही, आणि अभ्यासकांनी पुस्तक बनावट ठरवलं. तरी त्यातली कितीतरी टार्टनं आजही कुळाची म्हणून अभिमानाने मिरवतात.

हे वाचून आम्हाला आधी हसू आलं. मग वाटलं, हसायचं कशाला? दोनशे वर्षं लोक लग्नात, मयताला, युद्धात ते कापड अंगावर घेत आले, तर ते त्यांचं झालंच की. आज तिथे टार्टनची सरकारी नोंदवही आहे. कुळं आहेत तशी गावांची, जिल्ह्यांची, संस्थांचीही टार्टनं आहेत. तिथल्या शिखांसाठी 'सिंग' नावाचंही आहे. बाल्मोरल नावाचं एक टार्टन राजघराण्यासाठी राखून ठेवायचा रिवाज आहे. बाकी कुणी काय घालावं याला कायद्याची आडकाठी नाही.

आता आपल्याकडे येऊ. नऊवारी म्हणजे एकच एक नेसण नव्हे, हे तुमच्या आज्या सांगतील. ब्राह्मणी नेसण वेगळी, मराठा घराण्यांतली वेगळी. कोळणीचं लुगडं गुडघ्यापाशी घट्ट, कारण तिला ओल्या धक्क्यावर टोपली घेऊन चालायचं असतं. बाई रस्त्याने येताना दिसली की तिची जात, गाव आणि धंदा लुगड्यावरून कळायचा.

पण ते 'आपलं' लुगडं यायचं कुठून? इरकली लुगडं कर्नाटकातल्या इलकलचं. नारायणपेठी आजच्या तेलंगणातल्या नारायणपेठचं. महेश्वरी नर्मदाकाठच्या महेश्वरचं. खणाची चोळी बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डची. सोलापूरचं म्हणाल तर तिथले पद्मशाली विणकर घरात तेलुगू बोलणारे. कानडी आणि तेलुगू हातांनी विणलेलं कापड नेसून आपण मराठमोळ्या झालो, याचा आपल्याला कधी पत्ताही लागला नाही.

आणि ज्याला आज आपण साधी साडी म्हणतो, त्या पाचवारी-सहावारीच्या चालीतही मुंबईचा हात आहे. सत्येंद्रनाथ टागोर हे सनदी सेवेत गेलेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि १८६४ मध्ये त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी इथे आल्या. त्या काळी बंगाली बायका घरात जशी साडी गुंडाळत, तशी नेसून चारचौघांत जाणं त्यांना अवघड वाटे. माणेकजी करसेटजी यांच्या पारशी घरात त्या राहिल्या. पारशी बायकांची नेसण त्यांनी पाहिली, आपल्या सोयीने थोडी बदलली आणि बंगालमध्ये नेली. तिकडे तिला 'बोंबाई दस्तूर' म्हणत, म्हणजे मुंबईची रीत. ज्ञानदानंदिनींच्या सात पिढ्यांत कुणी पारशी नव्हतं. त्यांना घराबाहेर पडायचं होतं, एवढंच कारण.

इथवर सगळं गोड आहे. पण कुणी काय नेसावं हा प्रश्न आपल्या देशात नुसत्या आवडीनिवडीचा कधीच नव्हता. दलित बायकांनी लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं असावं आणि दागिने घालायचे तर पितळेचे, कथलाचे घालावेत, अशी गावाची सक्त रीत होती. लांबूनच जात ओळखू यावी म्हणून. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बायकांसमोर उभे राहिले आणि त्यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. लुगडं नेसण्याची ही तऱ्हा तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती पुसून टाका, वरच्या समजल्या जाणाऱ्या बायका नेसतात तसं पायघोळ नेसा, अंगावरच्या त्या जड गोटांचा नि गळसऱ्यांचा भार उतरवा, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी ते तिथल्या तिथे मनावर घेतलं. लुगडं घोट्यापर्यंत कसं आणायचं हे दाखवायला टिपणीसांच्या घरच्या बाई पुढे आल्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात त्या काळच्या चळवळीतल्या बायकांच्या आठवणी आहेत. आमच्या वाचनगटात ते पुस्तक वाचलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही.

म्हणून "ज्याचं त्याने नेसावं" हे वाक्य कुणी फार ठासून म्हणालं की आम्ही सावध होतो. त्या दिवशी महाडमध्ये बायका जे नेसल्या ते जुन्या हिशेबाने 'त्यांचं' नव्हतंच.

दुसरी बाजूही आहे, आणि ती गोव्यात दिसते. गोव्याच्या कुणबी-गावडा बायकांचं लाल-पांढऱ्या चौकड्यांचं आखूड लुगडं खांद्यावर गाठ मारून नेसतात. शेतात राबायला सोयीचं म्हणून. मुंबईत जन्मलेले आणि गोव्यात स्थायिक झालेले वेंडेल रॉड्रिक्स यांनी या लुगड्याचा जीर्णोद्धार मनावर घेतला, ते फॅशनच्या मंचावर नेलं. विणकरांना काम मिळालं, नाव झालं, हे चांगलंच. पण हातमागाचं कुणबी लुगडं दुकानात मांडलं की शेतात वाकणाऱ्या बाईला ते परवडत नाही. ती यंत्रमागाची नक्कल नाहीतर छापील नायलॉन नेसते. शहरातली बाई ते कौतुकाने नेसते आणि जिच्यावरून त्याला नाव पडलं ती त्याच्याकडे लांबून बघते. हे आम्हाला बोचतं.

आता आपल्या उपनगरांतलं लुगडं. मरोळ, आंबोली, वेसावे, गोराई, मनोरी, ही नुसती बसस्टॉपची नावं नव्हेत, जुनी गावठाणं आहेत. पोर्तुगीजांना १५३४ मध्ये वसई आणि आसपासची बेटं मिळाली. त्यानंतर इथल्या कोळी, कुणबी, भंडारी अशा लोकांतले बरेच ख्रिस्ती झाले. बोली मराठीच राहिली, लुगडंही राहिलं. पुढे इंग्रजांच्या काळात गोव्याचे आणि मंगळुरूचे ख्रिस्ती नोकरीसाठी मुंबईत येऊ लागले. आपण इथले मूळचे हे दाखवायला या मंडळींनी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. नाव सव्वाशे-दीडशे वर्षांचं, माणसं शेकडो वर्षांची.

सुती, नऊवार, लालभडक किंवा गडद रंगाचं, चौकड्यांचं असं ते लुगडं. शिकलेल्या घरांतल्या मुली फ्रॉक घालू लागल्या आणि लुगडं शेतावरच्या, मिठागरावरच्या आजीपुरतं उरलं. एके काळी ते नेसून शहरात जायला बायका लाजायच्या. आज लग्नाच्या आदल्या दिवशी 'उंबराचं पाणी' आणायला वाजतगाजत विहिरीवर जातात तेव्हा आत्या-मावश्या हौसेने तेच नेसतात. मनोरीला या समाजाने स्वतःचं छोटं संग्रहालयही उभं केलं आहे. एकदा फेरीने जाऊन या.

मग परक्या मुलीने ते नेसावं का? गावठाणातल्या ज्या बायकांशी आम्ही बोललो त्यांना नेसण्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती ती 'कोळीण' म्हणून रंगवून स्टेजवर कमरेत लचके मारणाऱ्यांबद्दल, आणि आपलं लुगडं भाड्याच्या दुकानात 'फिशरवुमन ड्रेस' म्हणून टांगलेलं पाहण्याबद्दल. ती रास्त आहे असं आमचं मत. तेव्हा मुलींनो, नेसायचं तर त्याला ईस्ट इंडियन लुगडं म्हणा. गावठाणात ओळख काढा आणि एखाद्या आजीकडून नेसायला शिका. शिवलेलं घालू नका, नेसण्यातच निम्मी मजा आहे. विकत घेणार असाल तर हातमागाचं आहे का ते विचारा. कापड उलटून पाहा, विणलेल्या चौकड्या दोन्ही बाजूंनी सारख्याच उठून दिसतात, छापलेल्या उलट्या बाजूला फिक्या पडतात. पाडव्याला नऊवारी नेसणाऱ्या गुजराती, तमिळ भगिनींना तर आम्ही काही सांगणारच नाही. तुमच्यातल्या तेलुगू बोलणाऱ्या असतील त्यांच्या मावळणीनेच कदाचित ती विणली असेल!

आणि ज्यांच्या घरी पेटीत आजीचं लुगडं आहे त्यांच्यासाठी एक सूचना. दर दोन-तीन महिन्यांनी त्याची घडी बदला, एकाच घडीवर सुती कापड विरतं. डांबराची गोळी थेट कापडावर ठेवू नका. पुढच्या महिन्यात आम्ही गावठाणांतल्या वयस्कर बायकांकडून लुगडं नेसण्याच्या पद्धती ध्वनिमुद्रित करणार आहोत. कुणाच्या आजी, मावशी तयार असतील तर केंद्रात येऊन नाव सांगा. येताना लुगडं घेऊन या.