'शीळ' ते 'नायाब', व्हाया मेहकर

मंडळी, या वीकेंडला पुन्हा गाणी. ऑफिसच्या कँटीनमध्ये गेले काही दिवस एकच वाद चालू आहे: 'नायाब' भारी की 'लंच ब्रेक'? ज्यांना ही नावं नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सीधे मौत ही दिल्लीची रॅप जोडी. 'नायाब' (२०२२) हा त्यांनी सेझ ऑन द बीटबरोबर नीट आखून, बांधून केलेला अल्बम, आणि 'लंच ब्रेक' (२०२३) म्हणजे तब्बल ३० ट्रॅकची मिक्सटेप. मी पहिल्यापासून 'नायाब'वाला. अल्बम कसा, दिवे मालवून एका बैठकीत ऐकावा, मधलं एक गाणं काढलं तर पुढचं लंगडं वाटावं. 'लंच ब्रेक'मध्ये भन्नाट गाणी आहेत, पण दहा काढून टाकली तरी कुणाचं काही अडणार नाही, असं आपलं माझं मत.

समोरची पार्टी सुलतानपूरची. उत्तर प्रदेशातलं नव्हे, आपल्या बुलडाणा जिल्ह्यातलं. लोणार आणि मेहकरच्या मधे आहे ते. याचं म्हणणं, "काऊन बे, एक गाणं चांगलं असलं त बाकीच्याईची काय गरज आहे तुले?" अल्बम हे म्हणे आपलं शहरी खूळ, माणसाच्या डोक्यात शेवटी एकच गाणं उरतं. आणि पुरावा म्हणून त्यानं थेट शेजारच्या गावातला माणूस काढला. ना. घ. देशपांडे!

आता इथे माझी बोलती थोडी बंद झाली, कारण पुरावा खरंच तगडा आहे.

नागोराव घनश्याम देशपांडे, जन्म १९०९, बुलडाणा जिल्ह्यातल्याच सेंदुरजनचा. मेहकरला वकिली केली आणि आयुष्यभर तिथेच राहिले. पुण्या-मुंबईच्या साहित्यिक वर्तुळापासून चांगलेच लांब. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशींनी गायली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एचएमव्हीनं तिची तबकडी काढली. मराठी भावगीताचा इतिहास कुणीही सांगायला बसलं की अगदी सुरुवातीला या तबकडीचं नाव येतंच.

ते साल नीट बघा. 'आलम आरा' १९३१ चा, 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट १९३२ चा. म्हणजे सिनेमा नुकताच गायला लागला होता आणि पुढची कित्येक दशकं देशातलं बहुतेक गाणं गिळणार होता. त्याआधी नाटक होतंच. नाट्यपदाला नाटक लागतं, सिनेमाच्या गाण्याला प्रसंग लागतो, हिरो लागतो, झालंच तर पाऊस. 'शीळ'ला यातलं काहीच नव्हतं. एका तालुक्याच्या गावातल्या तरुणानं कविता लिहिली, एका गायकाला ती गावीशी वाटली. बस्स. आपल्याकडे 'इंडी'चा व्यवहारातला अर्थ 'सिनेमाचं नसलेलं' एवढाच धरतात. त्या हिशोबानं आमचे सुलतानपूरकर बरोबर आहेत. पहिल्या मराठी इंडी हिट्सपैकी एक त्यांच्या बसच्या रूटवर लिहिली गेली आहे :-)

मी अर्थातच सोडलं नाही. म्हटलं, एचएमव्ही कसली इंडी? त्या काळात बाजारातली सगळ्यात दांडगी कंपनी ती. शिंगरू मारुन मुटकून घोडा करतोयस. त्यावर त्याचं उत्तर असं की कंपनी कुणाची हा प्रश्नच नाही, गाणं कुणी ऑर्डर देऊन लिहून घेतलं का ते सांग. (हे मला पूर्ण पटलेलं नाही. तबकडी कुणाची काढायची आणि कुणाची नाही हे शेवटी कंपनीच ठरवायची.)

पण खरा मुद्दा वेगळाच आहे, आणि तो माझ्यातल्या इंजिनियरला जास्त आवडला. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. तासभर ख्याल गाणारे बुवासुद्धा तेवढ्यात राग आटपायचे. 'सिंगल' हा कुणाच्या आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता, ती स्टोरेजची मर्यादा होती. 'अल्बम' हा शब्दसुद्धा त्यातूनच आला. चार-सहा तबकड्या ठेवायला फोटोंच्या अल्बमसारखी पाकिटांची वही मिळायची, तिला अल्बम म्हणायचे. १९४८ मध्ये कोलंबियानं अमेरिकेत एलपी आणली, एका बाजूला वीसेक मिनिटं मावायला लागली, आणि वही गेली तरी नाव राहिलं.

आणि आता माझा हुकमाचा एक्का. हेच जी. एन. जोशी पुढे एचएमव्हीत रेकॉर्डिंगचं काम बघायला लागले. १९६७ चं 'कॉल ऑफ द व्हॅली' आठवतंय? शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस, सकाळच्या अहिर भैरवापासून सुरू होऊन भूप, देस करत शेवटी पहाडीपर्यंत. कॉन्सेप्ट अल्बम म्हणतात तो हाच, आणि तोही बीटल्सचं 'सार्जंट पेपर' आलं त्याच वर्षी. निर्माता कोण? जी. एन. जोशी! तीन मिनिटांत 'शीळ' बसवणाऱ्या माणसानंच एलपी हातात आल्यावर अख्खा दिवस बसवला. तेव्हा सिंगलवाले श्रेष्ठ की अल्बमवाले, यात जोशींना साक्षीदार म्हणून बोलावलंत तर ते दोन्ही बाजूंनी साक्ष देतील.

म्हणूनच 'लंच ब्रेक'बद्दलची माझी तक्रार आता जरा बदलली आहे. ३० ट्रॅक आहेत म्हणून नव्हे, तर आता जागेची मर्यादाच उरली नाही म्हणून. कुणी 'थांबा, तबकडी संपली' म्हणत नाही. काय गाळायचं हे स्वतःच ठरवावं लागतं, आणि 'नायाब'मध्ये ते ठरवलेलं ऐकू येतं. मर्यादा आज फक्त सुरुवातीला आहे. स्पॉटिफाय ३० सेकंद ऐकल्यावरच गाणं मोजतं, मग सगळे पहिल्या अर्ध्या मिनिटात जीव काढतात. जोशींना शेवटची चिंता होती, या पोरांना सुरुवातीची.

राहता राहिले ना. घ. त्यांचा पहिला संग्रह आला १९५४ साली. नाव, अर्थातच, 'शीळ'. म्हणजे सिंगल गाजल्यावर वीसेक वर्षांनी अल्बम, आणि तोही टायटल ट्रॅकच्या नावानं! पुढे १९६३ ला 'अभिसार' आणि मग थेट १९८५ मध्ये 'खूणगाठी', ज्याला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते गेले २००० साली. आमच्या सुलतानपूरकरांनी 'शीळ' सोडून त्यांचं काही वाचलेलं नाही, हे मी त्यांच्याकडून वदवून घेतलं आहे. "म्हणूनच तं म्हणतो, एकच उरते," असं वर ऐकावं लागलं. असो. 'खूणगाठी'साठी लायब्ररीत नंबर लावून ठेवलाय. हातात आलं की आधी त्याला वाचायला देणार, सलग, पहिल्या पानापासून.