अमेरिकन नाण्यांवरील गरुड

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी इ. स. १७८२ मध्ये आपल्या राष्ट्रीय महामुद्रेवर गरुडाची आकृती स्वीकारली. १७९२ च्या नाणेविषयक कायद्याने सोन्याचांदीच्या नाण्यांच्या मागील बाजूस गरुड असावा असे ठरविले, व दहा डॉलरच्या सुवर्णनाण्यास 'ईगल' हेच नाव दिले. महामुद्रेवरील हा गरुड म्हणजे उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या डोक्याचा, मुख्यतः मत्स्याहारी असा शिकारी पक्षी होय. तथापि छातीवर ढाल व पंजांत बाण धारण करून तो नाण्यांवर आला, तेव्हा त्यात सत्तेचे चिन्हच अधिक ठळक झाले.

चिन्हास लाभलेला मान प्रत्यक्ष पक्ष्याच्या वाट्यास मात्र आला नाही. सामन मासे फस्त करतो या समजुतीने अलास्का प्रदेशाने १९१७ मध्ये प्रत्येक मारलेल्या गरुडामागे ५० सेंटचे इनाम लावले. त्या सुमारास चलनात आलेल्या, अॅडॉल्फ वाइनमन यांनी रेखाटलेल्या अर्ध्या डॉलरवरही गरुडच होता. म्हणजे गरुडाच्या वधाचे मोल गरुडांकित नाण्याएवढेच ठरले. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही प्रथा बंद पडेपर्यंत एक लाखाहून अधिक गरुडांसाठी इनाम दिले गेले. १९४० च्या संरक्षक कायद्यातूनही अलास्का प्रथम वगळलेला होता. पुढे डीडीटी हे कीटकनाशक माशांवाटे गरुडांच्या शरीरात गेले व त्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाली. अलास्का वगळता मुख्य भूमीवरील ४८ राज्यांत १९६३ साली केवळ ४१७ जोड्या उरल्या होत्या. १९७२ ची डीडीटीबंदी आणि १९७३ चा संकटग्रस्त जीवजातींचा कायदा यांनंतर ही संख्या वाढत जाऊन ९,७८९ झाली, व २००७ मध्ये गरुडाचे नाव संकटग्रस्तांच्या सूचीतून निघाले.

या घटनेच्या स्मरणार्थ २००८ मध्ये संग्राहकांसाठी तीन नाणी काढण्यात आली. १९९२ मध्ये पलाऊ या द्वीपराष्ट्राच्या नावे निघालेल्या सागरी जीवांच्या नाण्यांपासून रंगीत संग्राह्य नाणी रूढ होऊ लागली होती. ही तीन नाणी रंगविरहित होती. परंतु सुवर्ण व रौप्य नाण्यांच्या मागे महामुद्रा, तर पुढे अनुक्रमे गरुडाची पिले व उडता गरुड अंकित झाला. अर्ध्या डॉलरवर घरट्यातील पिले व अंडे यांना स्थान मिळाले. नाण्यांच्या किमतीतील अधिभार गरुडांच्या संवर्धनकार्यास देण्यात आला. १९१७ मध्ये सरकारी तिजोरीने गरुड मारण्याचे मोल दिले होते. २००८ मध्ये नाणे विकत घेणाऱ्याने तो जगविण्याचे मोल दिले.