आकाशगंगेच्या भुजा कशा सापडल्या?

भंडारा जिल्ह्यातल्या नाकाडोंगरीसारख्या गावी, शहरी दिव्यांपासून दूर, फेब्रुवारीत रात्री आठच्या सुमारास मुलांना मैदानावर न्यावे आणि मृग नक्षत्र दाखवावे. मृगाच्या पोटातल्या तीन ठळक ताऱ्यांचा बाण सर्वांच्या ओळखीचा असतो. त्याच्या खाली तीन मंद ठिपके दिसतात. त्यांपैकी मधला ठिपका जरा धूसर वाटतो. तो एकटा तारा नव्हे. सुमारे १३०० प्रकाशवर्षे दूर असलेला तो वायूचा प्रचंड ढग आहे आणि त्याच्या पोटात जेमतेम १० लाख वर्षे वयाचे तारे आहेत. आपला सूर्य ४६० कोटी वर्षांचा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे हे तारे किती कोवळे आहेत ते कळते. पश्चिमेकडे कृत्तिकांचा गुच्छही दिसेल. त्याचे वय सुमारे १० कोटी वर्षे. तो जन्मला तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर वावरत होते. ज्या वायूतून कृत्तिका घडल्या तो केव्हाच पांगून गेला आहे.

तारे वायूपासून जन्मतात, ही गोष्ट आज आपण सहज सांगतो. पण हे वायूचे ढग आणि नवे तारे आकाशगंगेत कुठे कुठे आहेत, हे शोधणे फार अवघड होते. आपण स्वतःच आकाशगंगेच्या चकतीत बसलेलो आहोत आणि चकतीत धूळ भरलेली आहे. दाट धुक्याच्या पहाटे गावाच्या मध्यावर उभे राहून गावातले सगळे रस्ते काढायला सांगितले तर काय होईल? तशीच ही अडचण होती.

पहिली वाट दाखवली ती शेजारच्या देवयानी दीर्घिकेने. ही दीर्घिका आपल्याला बाहेरून दिसते. १९४०च्या दशकात वॉल्टर बाडे यांनी पाहिले की तिच्या सर्पिल भुजांवर निळे, तेजस्वी तारे आणि चमकणारे वायुमेघ माळेतल्या मण्यांसारखे ओवलेले आहेत. याचे कारण सोपे आहे. असे वजनदार तारे आपले इंधन भराभर जाळतात आणि काही दशलक्ष वर्षांतच संपतात. जन्मस्थानापासून फार लांब जायला त्यांना वेळच मिळत नाही. म्हणून निळा तारा दिसला की जवळच ताऱ्यांचे पाळणाघर आहे असे समजावे. हीच खूण धरून अमेरिकेत विल्यम मॉर्गन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५१ साली आपल्या आकाशगंगेच्या भुजांचे तुकडे प्रथम आखून दाखवले. त्यांतला एक ययाती तारकासमूहाच्या दिशेला होता, दुसरा सूर्याजवळून मृगाकडे जाणारा.

पण धुके कायमच होते. दिवा धुक्यात दिसत नाही, देवळातल्या घंटेचा आवाज मात्र ऐकू येतो. आकाशगंगेतली ही 'घंटा' सुचली ती युद्धाच्या काळात. १९४४ साली, हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असताना, यान ऊर्ट यांच्या सांगण्यावरून व्हॅन डी हुल्स्ट या तरुणाने गणित मांडले. हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन आपल्या फिरकीची दिशा उलटी करतो तेव्हा २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर बाहेर पडते. एका अणूत हे सरासरी एक कोटी वर्षांतून एकदा घडते. तरीही ढगातले अणू इतके असंख्य, की लहरींचा प्रवाह अखंड चालू राहतो. धुळीचे कण या लहरीपुढे अगदीच चिमुकले असल्यामुळे ते तिला अडवू शकत नाहीत. २५ मार्च १९५१ रोजी हार्वर्डमध्ये इवेन आणि पर्सेल यांनी ती पकडली. पाठोपाठ हॉलंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियात तिला दुजोरा मिळाला. लहरीची लांबी किती बदलली यावरून ढगाचा वेग कळतो आणि वेगावरून त्याची जागा अजमावता येते. १९५८ साली हॉलंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्या निरीक्षणांतून आकाशगंगेच्या वायूचा एकत्रित नकाशा तयार झाला.

या कथेचा पुढचा धागा महाराष्ट्रात येतो. ऑस्ट्रेलियात ही लहर टिपणारे ख्रिस्तियानसेन यांनी सिडनीजवळ पॉट्स हिल येथे सूर्याच्या अभ्यासासाठी ३२ लहान तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभारली होती. १९५३ ते १९५५ या काळात गोविंद स्वरूप हे तरुण भारतीय तिथे शिकत होते. या तबकड्या निकामी ठरणार असे दिसताच त्यांनी त्या भारताला मिळाव्यात म्हणून खटपट केली आणि त्या भेट म्हणून मिळाल्या. १९६५ साली त्यांतूनच कल्याणला दुर्बीण उभी राहिली. मग १९७० साली उटीची दुर्बीण आली आणि त्यानंतर पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदची. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात मांडलेल्या आहेत. तबकड्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून तारांच्या जाळीचा आहे. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च आवाक्यात राहिला.

या दुर्बिणीने एका जुन्या कोड्याला हात घातला. विश्वात ताऱ्यांचे जन्म ८०० ते १,१०० कोटी वर्षांपूर्वी सर्वाधिक होत होते. आज ते प्रमाण जवळजवळ दहाव्या हिश्शावर आले आहे. असे का व्हावे? पुण्याच्या राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्रातील आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांचे बंगळूरचे सहकारी यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र मिळवले. एकेकट्या दीर्घिकेचा आवाज ऐकू येत नव्हता, पण सगळ्यांचा मिळून आला. या दीर्घिकांकडून निघालेल्या लहरी सुमारे ८०० कोटी वर्षे प्रवास करून आल्या होत्या आणि विश्वाच्या प्रसरणामुळे २१ सेंटिमीटरच्या जवळपास दुप्पट लांब झाल्या होत्या. उत्तर असे मिळाले: त्या काळच्या दीर्घिकांत हायड्रोजन भरपूर होता, पण खर्च इतका की नवा वायू मिळाला नाही तर शिल्लक एक-दोन अब्ज वर्षांतच संपावी. कोठार रिकामे होत गेले आणि नवी भर पुरेशी पडली नाही, म्हणून ताऱ्यांचे जन्म घटले. हे संशोधन ऑक्टोबर २०२० मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. गोविंद स्वरूप त्याआधी महिनाभर, ७ सप्टेंबरला, निवर्तले होते.

मृगातल्या त्या धूसर ठिपक्याकडे मुलांना पुन्हा पाहायला सांगावे. आपल्या आकाशगंगेत कोठार अजून रिकामे झालेले नाही, याची ती नुसत्या डोळ्यांना दिसणारी खूण आहे.