'मे' या इंग्रजी शब्दाचा मराठवाड्याला पडलेला अर्थ

परभणीत आपण रोज हवामानाचा अंदाज ऐकतो. 'हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता आहे.' शेतकरी त्यावर विचारतो, "म्हणजे येणार का नाही?" प्रश्न रास्त आहे. शक्यता सांगणारे शब्द काहीतरी देतात, पण किती देतात ते सांगत नाहीत. अशाच एका शब्दाची गोष्ट आज सांगायची आहे. शब्द इंग्रजी आहे, 'मे'. तो आपल्या वाट्याला आला राज्यघटनेतून.

शाळेत आम्हाला शिकवलं होतं की 'कॅन' म्हणजे शकणे आणि 'मे' म्हणजे परवानगी. पाठ केलं, मार्क मिळाले. पुढे तत्त्वज्ञान वाचताना लक्षात आलं की हे फार तोकडं आहे. जुन्या इंग्रजीत 'मे'च्या पूर्वज शब्दाचा अर्थ होता अंगात बळ असणे. 'माइट' हे बळवाचक नाम त्याच कुळातलं. 'कॅन'चा मूळ अर्थ जाणणे. आपण 'मला पोहता येतं' म्हणतो ना, तसं काहीसं. आणि 'शॅल'चा मूळ अर्थ देणे लागणे, ऋण असणे. म्हणजे एक शब्द बळाचा, एक ज्ञानाचा आणि एक कर्जाचा. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता इतिहासाकडे येऊ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. निधी, नोकऱ्या, शिक्षण यांत प्रत्येक विभागाला न्याय्य वाटा मिळेल असं त्यात ठरलं. पण तो नेत्यांमधला करार होता, कायदा नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि त्याच वेळी सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१(२) आलं. विदर्भ, मराठवाडा आणि इतर भागांसाठी स्वतंत्र विकास मंडळे, विकासखर्चाचं न्याय्य वाटप, तंत्रशिक्षणाच्या सोयी, राज्याच्या नोकऱ्यांत पुरेशी संधी, या सगळ्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवण्याचा आदेश राष्ट्रपती काढू शकतील. इंग्रजीत इथे 'मे' आहे. 'शॅल' नाही.

कायद्याच्या मराठीत 'मे' आला की 'करता येईल' असं लिहितात. ऐकायला किती गोड! आमच्या निवृत्तीच्या कागदपत्रांबाबत एका कार्यालयाने आम्हाला लिहिलं होतं, 'आपल्या विनंतीचा विचार करता येईल.' आम्ही भोळेपणाने समजलो, काम झालं. विचार करता येत होता, पण कोणी केला नाही. पुढच्या पत्रालाही हेच उत्तर आलं, तेव्हा व्याकरण नीट समजलं.

तर ३७१(२) मधला 'मे' किती वर्षे नुसता पडून राहिला? आदेश निघाला ९ मार्च १९९४ ला आणि मंडळे अस्तित्वात आली १ मे १९९४ ला. सदतीस वर्षांहून जास्त काळ! दरम्यान १९७२ मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ मिळालं. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजून दाखवला, तो राज्यभरचा मिळून ३,१८६ कोटींचा निघाला. त्याच वर्षी विधिमंडळाने मंडळांची मागणी करणारा ठराव केला. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने हा विषय लावून धरला. त्यानंतरही दहा वर्षे गेली.

इथे कोणी म्हणेल, अधिकार दिला म्हणजे कर्तव्य आलंच की. हा वाद विलायतेत १८८० साली झालेला आहे. डॉ. ज्युलियस विरुद्ध ऑक्सफर्डचे बिशप असा तो खटला. तिथे शब्द 'मे' नव्हता, 'करणे कायदेशीर राहील' अशा अर्थाचे होते, पण प्रश्न हाच. हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की असे शब्द फक्त अधिकार देतात, मात्र परिस्थिती अशी असू शकते की त्या अधिकाराला कर्तव्य जोडलं जातं. आपली न्यायालयेही हे तत्त्व वापरतात. गंमत अशी की खुद्द ज्युलियस साहेब तो खटला हरले. बिशपची मर्जी शाबूत राहिली.

प्राचीन ग्रीसमध्ये डायोडोरस क्रोनस नावाचा एक तार्किक होता. त्याच्या मते शक्य तेच, जे आज खरं आहे किंवा पुढे कधीतरी खरं होणार आहे. जे कधीच घडणार नाही, ते शक्य म्हणायचंच नाही. विद्यार्थ्यांना हे शिकवताना आम्हाला हा माणूस जरा हट्टीच वाटायचा. न वापरलेली ताकदही ताकदच असते, असं आम्ही त्याच्याविरुद्ध सांगायचो. तर्काने ते आजही बरोबर वाटतं. पण १९५६ साली जन्मलेलं मूल १९९४ पर्यंत शाळा, कॉलेज, नोकरीचे अर्ज सगळं उरकून बसलं होतं. त्याच्या दृष्टीने डायोडोरसच बरोबर होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मंडळांना मुदत होती. ती वाढत गेली आणि ३० एप्रिल २०२० रोजी संपली. कलम मात्र घटनेत तसंच आहे, आणि त्यातला 'मे'सुद्धा.