तळ्यावरचे शहर

मेक्सिको सिटीच्या मध्यभागाचा नकाशा पाहिला, की काटकोनात छेदणारे सरळ रस्ते आणि एक भव्य चौक दिसतो. चौकाच्या उत्तरेला कॅथेड्रल, पूर्वेला राजवाडा. या मांडणीवरून आपण शहराला सहज ‘स्पॅनिश’ म्हणून मोकळे होतो. पण वसाहतीचा सर्वांत खोल ठसा शोधायचा, तर इमारतींखालची जमीन पाहायला हवी.

परंपरेनुसार १३२५ मध्ये अ‍ॅझ्टेकांनी तेश्कोको सरोवरातील बेटावर तेनोच्तित्लान वसवले. किनाऱ्याकडे जाणारे भरावाचे रस्ते, शहरात कालवे आणि उथळ पाण्यात गाळ रचून केलेले ‘चिनाम्पा’ हे शेतीचे वाफे, अशी त्याची घडण होती. या खोऱ्यातून पाणी बाहेर जायला नैसर्गिक वाट नव्हती. म्हणून पंधराव्या शतकाच्या मध्याला नेसावालकोयोत्ल राजाच्या देखरेखीखाली लांब बांध घातला गेला. त्याने पूर अडे आणि खारे पाणीही शहरापासून दूर राही.

१५२१ मध्ये एर्नान कोर्तेसने शहर जिंकले. वेढ्यात बांधाची मोडतोड झाली. देवळे पाडून त्यांचेच दगड नव्या इमारतींना वापरले. अलोन्सो गार्सिया ब्राव्होने नवी आखणी केली, तीही जुन्या मुख्य रस्त्यांच्या आधाराने. आजचा ताकुबा रस्ता हा त्यांपैकीच एक.

रस्ते टिकले, पण पाण्याशी जुळवून घेण्याची रीत मोडली. डोंगरांवरची झाडे तुटली, गाळ वाढला. १५५५ आणि १६०७ मध्ये मोठे पूर आले. तेव्हा एन्रिको मार्तिनेसने डोंगर फोडून पाणी खोऱ्याबाहेर काढायचे काम हाती घेतले. बांध घालून पाणी आवरावे, हा डच अभियंता आद्रियान बूट याचा १६१४ चा सल्ला मानला गेला नाही. १६२९ च्या पुराचे पाणी तर सुमारे पाच वर्षे शहरात राहिले. तरीही सरोवर उपसण्याचेच धोरण चालू राहिले. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनीही तेच पुढे नेले आणि १९०० मध्ये मोठा निचरा कालवा सुरू झाला.

सरोवर गेले, तळाची मऊ चिकणमाती उरली. भूजल उपसल्याने ती दबते आणि शहर खचते. कॅथेड्रलही वेडेवाकडे खचले. १९८५ च्या भूकंपाचे केंद्र सुमारे ३५० किलोमीटर दूर होते, तरी याच मातीत धक्के कितीतरी पटींनी वाढले आणि हजारो माणसे मेली.

सोचिमिल्को भागात चिनाम्पा अजून पिकतात. शहरांचा इतिहास शिकवताना रस्त्यांबरोबर पाण्याच्या जुन्या वाटाही नकाशावर काढायला हव्यात, ते यासाठीच.