एका कुळींचे उंदीर

सोलापुरांत मी शिक्षक असतांना माझ्या एका विद्यार्थिनीचें जुळत आलेलें लग्न मोडलें. कारण उघडपणें कोणी सांगितलें नाहीं. पण तिची आई स्तनाच्या कर्करोगानें गेली, हें गांवाला ठाऊक होतें. 'घराण्यांतच दोष' एवढ्यावर निकाल लागला. घराण्याकडून नेमकें काय येतें, याचा कांहीं उलगडा शास्त्रज्ञांनीं उंदरांवरून केला. ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

सख्ख्या भाऊबहिणींच्याच जोड्या लावीत निदान २० पिढ्या चालविल्या म्हणजे त्या वंशांतील उंदीर जुळ्या भावंडांसारखे एकसारखे होतात. असा पहिला वंश अमेरिकेंत क्लॅरेन्स लिटल यांनीं १९०९ सालीं सुरू केला. १९२० सालीं लिओनेल स्ट्राँग यांनीं त्या वंशाचा नर व बॅग यांच्या पांढऱ्या वंशाची मादी यांचा संकर केला. त्या संततींतून निवड करीत सी-थ्री-एच् आणि सी-बी-ए असे दोन वंश निघाले. पहिल्याच्या माद्यांत स्तनाचा कर्करोग विपुल, तर दुसऱ्यांत क्वचित्. मूळ एकच, फळें मात्र निराळीं!

तर मग हा केवळ रक्ताचा गुण काय? १९३६ सालीं जॉन बिटनर यांनीं रोगप्रवण वंशाचीं नुकतींच जन्मलेलीं पिलें निरोगी वंशाच्या दाईआईस पाजावयास दिलीं; त्यांच्यांत रोग पुष्कळच घटला. दोषाचा एक वांटा दुधांतून येत होता, आणि पुढें तो एक विषाणू ठरला. म्हणजे ज्याला वंशदोष म्हणावें, त्यांत संसर्गहि दडलेला होता.

हाच धागा मुंबईंत उचलला गेला. १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथें डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखालीं पुण्याच्या हुजूरपागेंत शिकलेल्या कमल रणदिवे यांनीं निरनिराळ्या मूषकवंशांच्या स्तनग्रंथींचा तौलनिक अभ्यास केला आणि १९४९ सालीं मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. १९५२ सालीं स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राच्या आद्याक्षरांवरून आय्-सी-आर्-सी हें नांव मिळालेला मूषकवंशहि त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला.

शुद्ध वंशहि कायमचा एकसारखा राहत नाहीं. प्रसिद्ध काळ्या उंदरांच्या सी-फिफ्टीसेव्हन वंशाची एक शाखा १९५१ सालीं जॅक्सन प्रयोगशाळेंतून दुसऱ्या संस्थेंत गेली. मागें राहिलेल्या शाखेंत पुढें एका जनुकाचा तुकडा गळाला आणि तिच्या उंदरांची साखर पचविण्याची शक्ति मंदावली. म्हणून प्रयोग कोणत्या शाखेवर केला, हें आतां आवर्जून नोंदवावें लागतें.

उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे. उंदरांच्या दुधाचा न्याय मातेच्या दुधास लावूं नये. मनुष्यांत स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रोग्यांपैकीं सुमारें पांच ते दहाच जणांत तो वारशानें आलेल्या एखाद्या सदोष जनुकामुळें होतो. घरांत रोग असेल तर वेळेवर तपासणी करावी. सोयरीक मोडूं नये. हें त्या दिवशीं सांगावयास मी शिक्षक असूनहि पुढें झालों नाहीं. ती रुखरुख आज आपल्यापुढें बोलून दाखवीत आहें.